दुकानाचा मालक कुठे राहतो?

शनिवार, लेस्टर

इंग्लंडला आलेला माणूस लंडन बघतो, राजवाडा बघतो. मला बाजारपेठा बघायच्या होत्या. कोल्हापुरात महाद्वार रोडवर आमचं साड्यांचं दुकान, सासऱ्यांनी थाटलेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मीही त्या गादीवर बसत आले, त्यामुळे कुठल्याही नव्या गावात पाय आपोआप पेठेकडे वळतात. इथल्या प्रत्येक गावाची मुख्य पेठ म्हणजे हाय स्ट्रीट. तिच्यावरची दुकानं एकामागून एक बंद पडताहेत, हे भाची फोनवर कितीदा तरी सांगायची. ती लेस्टरच्या एका रुग्णालयात नोकरीला आहे. या वेळी तिला म्हटलं, रजा टाक, आपण जाऊन बघू.

लेस्टर स्टेशनाबाहेर थॉमस कुक यांचा पुतळा आहे. ५ जुलै १८४१ रोजी या गृहस्थांनी इथून लाफबरोला सुमारे ५०० माणसं दारूबंदीच्या सभेसाठी आगगाडीने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. त्यातून पुढे साऱ्या जगाला सहली घडवणारी कंपनी उभी राहिली. गावात गॅलोट्री गेटला त्यांची १८९४ सालची इमारत अजून आहे, दर्शनी भागावर त्या काळच्या प्रवासांची शिल्पं कोरलेली. कंपनी मात्र २३ सप्टेंबर २०१९ ला बुडाली. तिची ५५५ दुकानं संडरलंडच्या एका कुटुंबाच्या मालकीच्या हेज ट्रॅव्हलने घेतली. पुतळ्यापाशी उभं राहून भाचीने हे सांगितलं, तेव्हाच माझ्या मनात पहिला प्रश्न आला : बुडालेल्या कंपनीचे मालक कोण होते? भागधारक. कुठले? तिला सांगता येईना, आणि गॅलोट्री गेटवरून रोज जाणाऱ्या माणसालाही सांगता आलं नसतं.

दुपारी बेलग्रेव्ह रोडला गेलो. या रस्त्याला गोल्डन माइल म्हणतात. दोन्ही बाजूंना सोन्याची, साड्यांची, मिठाईची दुकानं. पितृपक्ष चालू होता, त्यामुळे सराफांकडे सामसूम. पण चनिया-चोळीची दुकानं ओसंडून वाहत होती, कारण नवरात्र तोंडावर आलेलं. एका दुकानात शिरलो तर मुली फरशीवर बसून घागऱ्यांचा घेर मोजताहेत, आया ओढण्यांचे रंग दारातल्या उजेडात नेऊन बघताहेत. दुकानातल्या दिव्याखाली रंग कधी खरा दिसत नाही, हे जगातल्या सगळ्या बायकांना ठाऊक असतं. गल्ल्यावर एक आजी. भाची गुजराती मोडकंतोडकं बोलते. तिने आमची ओळख करून दिली आणि मीही कापडवाली म्हटल्यावर आजींनी स्टूल पुढे केलं.

त्यांचं कुटुंब कंपालाहून आलेलं. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून घालवून दिलं आणि सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनमध्ये आली. लेस्टरच्या नगर परिषदेने तेव्हा युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या गावात येऊ नका, जागा नाही. लोक तरीही आले. त्या वेळी हा बेलग्रेव्ह रोड उतरणीला लागलेला होता, रिकामे गाळे स्वस्तात मिळत होते. आजींच्या सासऱ्यांनी गाळा विकतच घेतला. खाली दुकान, वर बिऱ्हाड. आजी बोट वर करून म्हणाल्या, ‘अजूनही वरच राहते. धंदा मंदा असला तर मंदा. भाडं मागायला कोणी येत नाही.’

इथेही सगळं छान चाललंय असं नाही. पूर्वी लग्नाचा बस्ता बांधायला बर्मिंगहॅमहून, लंडनहून गाड्या भरून गिऱ्हाईक यायचं. आता नवरीमुली अहमदाबादच्या दुकानाशी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून कपडे मागवतात. आजींचा नातू वकील झालाय, गादीवर बसणार नाही. पण त्या रस्त्यावर भर दुपारी माणसांची दाटी होती, हे मी बघितलं.

रविवार, लेस्टरच

रविवारी इथे मोठ्या दुकानांना सहाच तास उघडं राहता येतं, १९९४ पासूनचा कायदा. अकराच्या सुमाराला आम्ही गावाच्या मध्यभागी होतो. विल्को हे नाव आपल्याकडे कोणाला माहीत नसेल. खिळे, बादल्या, रंगाचे डबे, पडद्याच्या कड्या, घराला लागणारं सगळं तिथे मिळायचं. १९३० मध्ये याच लेस्टरच्या चार्नवुड स्ट्रीटवर त्याचं पहिलं दुकान निघालं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिवाळं वाजलं तेव्हा देशभर ४०० दुकानं होती आणि १२ हजारांवर माणसं कामाला. ऑक्टोबरपर्यंत सगळ्यांना कुलूप. भाची इथे आली तेव्हा तिने पहिल्या खोलीचा सगळा संसार तिथूनच घेतला होता. आता खोबरं खवायची साधी खवणीसुद्धा नेटवरून मागवावी लागते.

डेबनहॅम्सचं दुखणं मला जास्त कळलं, कारण ते कापडवाल्यांचं. १७७८ साली लंडनमध्ये कापडाचं दुकान म्हणून सुरुवात झालेली ही पेढी. २००३ मध्ये गुंतवणूकदारांच्या टोळक्याने ती विकत घेतली आणि २००५ मध्ये २३ दुकानांच्या स्वतःच्या मालकीच्या इमारती ४९.५ कोटी पौंडांना विकून टाकल्या. विकल्या, आणि त्याच इमारतींत तीस-पस्तीस वर्षांच्या करारावर भाडेकरू म्हणून राहिले. पैसा वर गेला आणि भाडं दुकानांच्या बोकांडी बसलं. गुंतवणूकदार पुढच्याच वर्षी कंपनी बाजारात आणून मोकळे झाले. नंतर नेटवरची विक्री आली, करोना आला आणि मे २०२१ मध्ये शेवटचं दुकान बंद झालं. १२ हजार नोकऱ्या गेल्या. लेस्टरचं दुकानही त्यातच गेलं.

आमच्या सासऱ्यांना दोनदा सावकारी पेचातून जावं लागलं. तेव्हा घरातलं सोनं गेलं, शेत गहाण पडलं, पण गाळ्याला त्यांनी हात लावला नाही. गाळा आपला असला की वाईट वर्ष काढता येतं. कापडधंद्यात दर पाच-सात वर्षांनी एक वाईट वर्ष येतंच.

बाजूच्या गल्लीत धर्मादाय संस्थांची दुकानं ओळीने दिसली. लोकांनी दिलेले जुने कपडे, पुस्तकं, कपबश्या स्वस्तात विकतात. अशा संस्थांना व्यवसाय-पट्टीत, म्हणजे दुकानाच्या जागेवरच्या करात, ८० टक्के सूट कायद्यानेच मिळते. शिवाय विकणारे बहुतेक स्वयंसेवक. त्यामुळे इतरांना न परवडणाऱ्या जागी त्या टिकतात. भाचीने मला एक लोकरीची शाल घेऊन दिली, अस्सल लोकर, सहा पौंडांना. मला आनंद झाला, पण जो नवी शाल विकतो त्याने या दराशी कशी बरोबरी करायची?

सोमवार, डडली

आजचा दिवस मनाला लागला.

डडलीच्या मध्यवस्तीत रेल्वे नाही. बर्मिंगहॅमकडून सँडवेल अँड डडली स्टेशनवर उतरायचं आणि पुढे बस. गाव टेकडीवर, वर पडका किल्ला, त्याच्या अंगणात प्राणिसंग्रहालय. पेठ उतरत उतरत जाते. मध्ये १८६७ चं दगडी कारंजं आणि डंकन एडवर्ड्स या फुटबॉलपटूचा पुतळा. १९५८ च्या म्युनिक विमान अपघातानंतर तो एकविसाव्या वर्षी गेला. गावाला त्याचा किती अभिमान, हे पुतळ्यापाशी ठेवलेल्या फुलांवरून कळतं. पुतळ्याभोवती बाजाराचे ठेले. भाजी, मोबाइलची कव्हरं, पडद्यांचं कापड. आणि दोन्ही बाजूंना बंद दुकानं. काहींच्या काचांवर आतून रंगीत चित्रं चिकटवलेली, म्हणजे रिकामपण दिसू नये. उघडी होती ती बहुतेक केस कापायची, नखं रंगवायची, व्हेपची, पैज लावायची, आणि एक गहाणवटीचं.

नेटमुळे हे झालं असं कोणीही पटकन म्हणेल. पण डडलीची पेठ नेट यायच्या आधीच मोडली आहे. १९८२ च्या डिसेंबरात जवळच्या ब्रायर्ली हिलचा राउंड ओक पोलाद कारखाना बंद पडला. बेकारी हटवायला सरकारने त्या भागात खास क्षेत्र जाहीर केलं : इथे बांधाल तर दहा वर्षं पट्टी माफ, परवानग्याही सोप्या. कारखाने येतील ही अपेक्षा. आलं काय, तर मेरी हिल नावाचं अवाढव्य दुकानसंकुल, १९८४ ते १९८९ या काळात टप्प्याटप्प्याने बांधलेलं, हजारो गाड्यांच्या फुकट पार्किंगसह. डडलीच्या पेठेत पट्टी भरायची आणि तीन मैलांवर पट्टी माफ, तर व्यापारी काय करणार? १९९० मध्ये मार्क्स अँड स्पेन्सर डडली सोडून तिकडे गेलं. मोठं दुकान गेलं की त्याच्या आधाराने उभं असलेलं चपलांचं, बटणांचं, पावाचं दुकानही जातं.

ही पट्टी काय प्रकार आहे हे मला भाचीकडून दोनदा समजून घ्यावं लागलं. आपल्याकडे घरपट्टी मालकाच्या नावावर येते. इथे व्यवसाय-पट्टी जो दुकान चालवतो तो भरतो, म्हणजे भाडेकरू. तुमच्या जागेला वर्षाला किती भाडं येऊ शकेल याचा सरकारी खातं अंदाज काढतं आणि त्यावर पौंडामागे काही पेन्स घेतं. २०२५-२६ साली लहान मिळकतींना तो दर ४९.९ पेन्स होता. म्हणजे ३० हजार पौंड अंदाज असलेल्या दुकानाला जवळजवळ १५ हजार पौंड. किरकोळ दुकानांना त्या साली त्यात ४० टक्के सूट होती, आदल्या साली ती ७५ टक्के होती. अंदाज १२ हजारांच्या आत असेल तर लहान दुकानदाराला पट्टी माफ, पण भर पेठेत एवढी छोटी जागा कुठून मिळणार? विक्री झाली की नाही, नफा झाला की नाही, याच्याशी पट्टीचा संबंध नाही. पेठेतल्या जागेचा भाव चढा, म्हणून पट्टी चढी. माळरानावर हमरस्त्याच्या कडेला गोदाम बांधून नेटवर विकणाऱ्याची जागा स्वस्त, म्हणून त्याची पट्टी फूटमागे हलकी. तराजूचं एक पारडं आधीच खाली दाबून ठेवल्यावर वजन कसलं करायचं?

पडद्याच्या कापडाच्या ठेल्यावरचे गृहस्थ सत्तरीच्या घरातले. मी कापड चिमटीत धरून बघायला लागले तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, पॉलिस्टर जास्त, सुती कमी. ते हसले आणि म्हणाले, साठ-चाळीस. मग गप्पा सुरू झाल्या. लहानपणी शनिवारी या पेठेत आईचा हात सुटला की सापडायला अर्धा तास लागायचा, इतकी गर्दी. समोरच्या बंद इमारतीचा मालक कोण, हे मी विचारलं. ते म्हणाले, ‘लंडनची कुठली तरी कंपनी. फोन लावला तर यंत्र बोलतं.’

संध्याकाळी बसने मेरी हिलही बघून आलो. रोषणाई आहे, माणसंही आहेत. पण त्याची तेव्हाची मालक असलेली इंटू ही कंपनी २०२० च्या जूनमध्ये स्वतःच कर्जात बुडाली. ज्याने डडलीची पेठ गिळली त्याचाही धनी बुडाला आणि डडलीला त्यातून काहीच परत मिळालं नाही.

मंगळवार, ऑल्ट्रिंगम

मँचेस्टरहून ट्रामने थेट जाता येतं. बाजार भरवायची सनद या गावाला १२९० सालची. १९९८ मध्ये जवळच ट्रॅफर्ड सेंटर हे मोठं दुकानसंकुल उघडलं आणि २०१० च्या सुमाराला इथली जवळजवळ ३० टक्के दुकानं रिकामी होती. देशातल्या सगळ्यात वाईट पेठांमध्ये नाव घेतलं जायचं. २०१४ मध्ये जुना बाजार-हॉल नव्याने उघडला : लाकडी लांबच लांब बाकं, भोवती खाण्याचे गाळे, कुणाशेजारीही बसायचं. २०१८ मध्ये इंग्लंडमधली सर्वोत्तम पेठ म्हणून बक्षीस मिळालं.

मंगळवार असूनही बाक भरलेले होते. कडेवर तान्ही मुलं घेतलेल्या आया, कुत्रे, पेन्शनर. बाहेरच्या मांडवात चीज, मध, रोपं. लोक इथे खायला, बसायला, भेटायला येतात, आणि आल्यावर चार वस्तू घेतात. आमच्याकडे अंबाबाईच्या दर्शनाला येणारा माणूस महाद्वार रोडला साडी आणि कोल्हापुरी चप्पल घेतोच, त्यासाठी तो घरून निघालेला नसतो.

मला गाव आवडलं, पण एक गोष्ट टोचली. हे श्रीमंत लोकांचं गाव आहे. पावाची एक लादी पाच पौंडांना. डडलीच्या पेठेत ठेल्यावर साठ-चाळीसचं कापड घेणारी बाई इथे येऊन काय घेईल? ऑल्ट्रिंगमचा धडा सगळ्या गावांना गिरवायला सांगणारे लेख बरेच निघाले आहेत. मला ते फारसे पटत नाहीत. रात्री गाडीने लीड्सला आलो.

बुधवार, स्टॉकटन

लीड्सहून थॉर्नबी आणि तिथून टीज नदीचा पूल ओलांडून चालत स्टॉकटन. पाय दुखले, पण नदीवरून गाव कसं दिसतं हे कळलं.

गावभर झेंडे लागलेले. २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेची पहिली गाडी इथे आली, त्याला दोनशे वर्षं पूर्ण होत होती. बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची, म्हणजे अठ्ठावीस वर्षांच्या आत ते यंत्र आपल्या दारात आलं होतं. याच हाय स्ट्रीटवर ५९ क्रमांकाच्या दुकानात जॉन वॉकर नावाचा औषधविक्या होता. घासून पेटणारी काडी त्याने शोधली आणि ७ एप्रिल १८२७ ला पहिली विक्री वहीत लिहिली. पेटंट घेतलं नाही. काड्यापेटी पेठेतल्या एका दुकानात जन्मली, हे वाचून मला फार बरं वाटलं. दुकानदार नुसता माल इकडून तिकडे करत नाही. गिऱ्हाइकाची अडचण रोज ऐकून त्यातून काहीतरी घडवतो.

पेठ एवढी रुंद की दोन्ही कडांची दुकानं एका नजरेत मावत नाहीत. मधोमध १७३५ चा टाऊन हॉल. बुधवार म्हणजे बाजाराचा दिवस, ठेले लागलेले.

या गावाचं दुखणं डडलीसारखंच. जुन्या घोडशर्यतीच्या मैदानावर १९८८ मध्ये टीससाइड पार्क उघडलं, गाडी घेऊन जायचं संकुल. त्याआधी १९७० च्या दशकात पेठ आणि नदी यांच्या मधोमध कॅसलगेट नावाचं काँक्रीटचं दुकानसंकुल उभं केलेलं, त्यामुळे गावाला नदीच दिसेनाशी झाली. पुढे साखळीदुकानं एकेक करून निघून गेली. २०१८ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरही गेलं. त्याआधी मेरी पोर्टस या दुकानदारीतल्या सल्लागार बाईंनी पेठा कशा सावराव्यात यावर सरकारला अहवाल दिला होता, डिसेंबर २०११, २८ शिफारशी. पाठोपाठ १२ गावं निवडून त्यांच्यात १२ लाख पौंड वाटले. स्टॉकटन त्यात होतं. गावाला वाटणीने आले सुमारे एक लाख पौंड. डडलीच्या आकड्यांवरून हिशोब करा, सहा-सात बऱ्या दुकानांची एका वर्षाची पट्टी. एवढ्या पैशात पेठ उभी राहणार होती का?

पण त्यानंतर स्टॉकटनच्या कौन्सिलने, म्हणजे नगर परिषदेने, जे केलं ते बघायलाच मी इथे आले होते. २०१९ मध्ये कौन्सिलने कॅसलगेट स्वतः विकत घेतलं. पेठेतलं वेलिंग्टन स्क्वेअर हे दुसरं संकुलही घेतलं. चालू असलेल्या दुकानांना इकडून तिकडे हलवलं आणि कॅसलगेट पाडून टाकलं. त्या जागी नदीपर्यंत उतरत जाणारी बाग. गावाला एवढ्या दुकानांची गरजच राहिलेली नाही, हे उघड मान्य करणारी कौन्सिलं कमी. बहुतेकजण रिकाम्या गाळ्यांना रंग देत बसतात.

कुंपणाच्या फटीतून काम बघितलं. पिवळ्या यंत्रांनी माती उपसलेली, रस्त्यावरून नदीकडे जाणारा रुंद मातीचा पूल आकार घेत होता. शेजारी एक जोडपं तेच बघत उभं. बाई म्हणाल्या, ‘माझं लग्नाचं घड्याळ इथेच घेतलं होतं, जिने होते तिथे.’ पण त्यांचे यजमान नदीकडे हात करून म्हणाले की पन्नास वर्षांनी पेठेतून पाणी दिसतंय. तेवढ्यात बाई म्हणाल्या, आता मुलांना खेळायला जागा होईल, पण बटणं कुठे घ्यायची? मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटलं. बाग हवीच, पण बटणाचं दुकानही हवं, आणि ते बागेच्या आराखड्यात कुणी काढत नाही.

थोडं पुढे ग्लोब नाट्यगृह. १९३५ चं, वर्षानुवर्षं बंद पडलेलं, दुरुस्त करून २०२१ मध्ये उघडलं. तीन हजार माणसं मावतात. कार्यक्रमाच्या रात्री हॉटेलं भरतात, असं चहावाल्याने सांगितलं. दिवसा मात्र पेठेत बँकेची शाखा शोधताना आम्ही खूप चाललो. २०१५ पासून देशभरात सहा हजारांवर शाखा बंद झाल्या आहेत. बँकेत आलेला माणूस शेजारच्या दुकानात डोकावतो, ही साधी गोष्ट कुठल्याही दुकानदाराला विचारली असती तरी कळली असती.

परतताना गाडीत भाची कायदे वाचून दाखवत होती. डिसेंबर २०२४ पासून कौन्सिलला असा अधिकार मिळाला आहे : दोन वर्षांत मिळून ३६५ दिवसांहून जास्त रिकामं राहिलेलं दुकान मालकाच्या मर्जीची वाट न बघता भाडेपट्ट्याने लिलावात काढता येतं. आणि भाडं फक्त वाढू शकतं, कधी कमी होत नाही, हे करारातलं जुनं कलम नव्या करारांत बंद करण्याचा कायदा सरकारने २०२५ मध्ये मांडला. हे दोन्ही मला सगळ्या अहवालांपेक्षा मोलाचे वाटतात, कारण ते मालकाला हात घालतात. मालक असलेल्या पेन्शन फंडाच्या वहीत चढं भाडं दिसत राहावं म्हणून दुकान वर्षभर रिकामं ठेवायचं, पण भाडं उतरवायचं नाही, अशी ती रीत. आमच्याकडे असा मालक असता तर गल्लीने त्याला दारात उभं केलं नसतं. इथे दारात उभं करायला मालक सापडायला तर हवा!

गुरुवार, लीड्स

कर्कगेट बाजार. १८५७ चा हॉल, १९०४ चा नक्षीदार दर्शनी भाग. १९७५ मध्ये आगीत बराचसा जळाला, पुन्हा बांधला. मालक लीड्सचं कौन्सिल. १८८४ मध्ये मायकेल मार्क्स नावाच्या ज्यू निर्वासिताने इथे ठेला मांडला. इंग्रजी धड येत नव्हतं, म्हणून पाटी लावली की किंमत विचारू नका, सगळं एक पेनी. सुरुवातीला त्याला पाच पौंडांचा माल घ्यायला पैसे दिले ड्यूहर्स्ट या घाऊक व्यापाऱ्याने. मार्क्सचा तो ठेलाच पुढे मार्क्स अँड स्पेन्सर झाला. म्हणजे डडलीहून आणि स्टॉकटनहून उठून गेलेलं ते दुकान मुळात एका स्वस्त गाळ्यावर आणि एका व्यापाऱ्याच्या विश्वासावर उभं राहिलं. आज अशा माणसाला पेठेत पाय ठेवायला कुठे जागा आहे? त्याच्या आठवणीचा छोटा ठेला कंपनीने २०१३ पासून इथे ठेवलाय, वर घड्याळ.

मासळीची ओळ, मटणाची ओळ, आणि मग कापड. एका गाळ्याच्या फळीला पितळी पट्टी ठोकलेली, एका कडेला वार, दुसऱ्या कडेला मीटर, वापरून मधोमध गुळगुळीत झालेली. मालकीणबाई पन्नाशीच्या. अस्तराचा तागा त्यांनी फळीवर तीनदा उलटवला, हाताच्या त्याच झटक्याने जो मी रोज देते, आणि कात्री न चालवता नुसती सरकवत नेली. मी हात पुढे करून कात्री मागितली. त्यांनी दिली. शेफिल्डची, जड, बोटाच्या कड्याला कापड गुंडाळलेलं. दोन मीटर अस्तर मी माझ्या हाताने कापलं. त्यांनी कड बघितली आणि काही न बोलता भाव पन्नास पेन्सांनी उतरवला.

धंदा कसा आहे, विचारलं. नेटवर कापड मिळतं, पण नेटवर हात लावता येत नाही, त्यामुळे शिवणारी माणसं येतात, असं म्हणाल्या. देशातली पाव हिश्शापेक्षा जास्त किरकोळ विक्री आता नेटवर होते. २०२१ च्या जानेवारीत, टाळेबंदीत, ती तिसऱ्या हिश्शाच्याही वर गेली होती. पुण्यामुंबईत दहा मिनिटांत किराणा घरपोच येतो, त्यामुळे हे आकडे मला परके वाटत नाहीत. मी म्हटलं, आणि भाडं? त्या म्हणाल्या, ‘भाडं कौन्सिलला. पटलं नाही तर कौन्सिलरला गाठते, तो मासळी घ्यायला येतो.’

डडलीच्या ठेल्यावरच्या गृहस्थांना हे सांगता आलं नसतं.

दुपारच्या गाडीत मी वहीत महाद्वार रोडची आमची ओळ काढली. कुठल्या गाळ्याचा मालक वर राहतो, कुठला गाळा मोठ्या कंपनीला भाड्याने गेलाय, कुठला धनी पुण्याला जाऊन राहिलाय. आमच्यापासून पाचव्या गाळ्याचं नुसतं भाडंच बँकेत जमा होतं, मालकाचं तोंड भाडेकरूने बघितलेलं नाही. पण तो मालक दर दिवाळीला अंबाबाईला येतो, हे मला माहीत आहे. या वेळी व्यापारी मंडळाच्या बैठकीला त्याला बोलवायचं, आणि भाडेकरूला पाच वर्षांचा करार हवाय त्याचं काय करणार, हे सगळ्यांसमोर विचारायचं. भाचीने वहीत डोकावून विचारलं, तो आला नाही तर? म्हटलं, मग आपणच पुण्याला जायचं.